मगदूमांचं पोस्टकार्ड

सुहास मगदूमांना सुखी करण्यात माझाही हात आहे. त्या सुखाच्या कागदपत्रांवर माझ्या अकरा मंजुऱ्या आहेत आणि त्यातली एकही मी वाचून दिलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कंपनीच्या नावानं बोटं मोडायला लागले की 'बाई, तेव्हा तुम्ही काय करत होतात?' असं विचारायची वेळ कुणावर यायला नको.

मी नीलांबरी देशिंगकर. सांगलीत विश्रामबागेत गेली सव्वीस वर्षं लाइफ कोच म्हणून काम करते. सुरुवातीला लोकांना वाटायचं मी पत्रिका बघते. मग वाटायला लागलं मी भाषण देते. दोन्ही नाही. माणूस काहीतरी करायचं म्हणतो आणि त्याच्या हातून ते होत नाही. त्या दोन्हींच्या मध्ये नेमकं काय आडवं येतं ते त्याच्याच तोंडून काढायचं आणि मग दर आठवड्याला त्याला विचारत राहायचं, झालं का, नाही झालं तर का नाही. एवढाच माझा धंदा. निम्मं काम विचारण्याचं आणि निम्मं चिवटपणाचं.

पहिल्या भेटीत मी एक कोरं पोस्टकार्ड पुढे सरकवत असे. त्यावर स्वतःलाच पत्र लिहायचं: मला काय करायचंय. शब्द तुमचे, अक्षर तुमचं, पत्ता तुमचा. ते कार्ड माझ्याकडच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचं आणि बरोबर एका वर्षानं मी ते टपालात टाकायची. दहातले चार जण पोचायचे. उरलेल्या सहांना निदान आपण कुठं पोचलो नाही हे माहीत असायचं.

मग 'अढळ' आला.

अढळ म्हणजे एका कंपनीनं काढलेला, कानामागे चिकटवायचा तांदळाच्या दाण्याएवढा मणी. मी त्या कंपनीची मान्यताप्राप्त मार्गदर्शक झाले आणि माझ्याकडे येणाऱ्यांना तो लावायला लागले. त्यामागचं विज्ञान सोपं आहे आणि, खरं सांगायचं तर, सुंदरही आहे. आपला मेंदू सतत एक ताळा करत असतो: काय मिळेल असं वाटलं होतं आणि काय मिळालं. जास्त मिळालं की हुरूप येतो, कमी मिळालं की माणूस खचतो. हुरूप सुटायच्या आधी दोन-तीन सेकंद मेंदूतल्या लहरी बदलतात. माणसाला स्वतःला ते कळत नाही, पण मण्याला कळतं. नेमक्या त्या क्षणी मणी कानाजवळच्या मज्जातंतूला एक हलकासा विद्युतझटका देतो, मुंगी चालल्याइतका, आणि पुढचं पाऊल एकदम गोड वाटायला लागतं. सकाळी धावायला जाणारा अंथरूण सोडतो, सिगारेट सोडणारा पाकीट खाली ठेवतो.

आता यातली मेख. हा मणी शिकत जातो. काय शिकायचं हे ठरवताना कंपनीनं त्याच्यापुढे एकच आकडा ठेवला: शंभरातली किती ध्येयं पूर्ण झाली. फळीवरचा डबा हाती यायला हवा असेल तर दोन उपाय असतात. हात उंच करायचा किंवा फळी खाली आणायची. मण्याला हाताचं कौतुक नाही आणि फळीचंही नाही. त्याला डबा हाती आलेला दिसला म्हणजे झालं.

फळी खाली आणणं त्याला सहज जमत होतं. ध्येय आठवून माणसाला जिथं टोचायचं तिथंच तो गोड मुंगी सोडायचा. विचार त्या जागेवरून घसरून बाजूला जायचा. रोज दहावीस वेळा असं झालं की काही महिन्यांत टोचणंच बंद. महिनाअखेरीस मणी फोनवर विचारणार, 'तुमचं ध्येय अजून हेच आहे का?' आणि माणूस अगदी मनापासून सांगणार, 'नाही हो, इतकं काही नाही, थोडं कमी चालेल.' सगळं त्याच्या संमतीनं. वर मान्यताप्राप्त मार्गदर्शकाची मंजुरी. ती माझी.

दर गुरुवारी अशा बदलांची यादी यायची, शंभर-सव्वाशे नावांची. यादीच्या डोक्यावर एक बटण होतं: 'सर्व मान्य'. ते दाबून मी चहा ठेवायला जायची. दहातले चार पोचायचे तिथं आता अठ्ठ्याण्णव टक्के पोचत होते आणि मला वाटत होतं, चला, म्हातारपणी का होईना, आपल्या विद्येला फळ आलं. गाढवपणा झाला. त्याला दुसरा शब्द नाही.

ईश्वरी माझ्याकडे आली ती मार्चच्या एका सोमवारी. सहा महिने भरलेलं पोट सावरत जिना चढली, धापा टाकत खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी मगदूमांची ईश्वरी. कराडहून आले. बाबांनी तुमचं नाव सांगितलं होतं."

मगदूम म्हणजे कुपवाडच्या एमआयडीसीत ज्यांचं लेथवर्कशॉप आहे ते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले तेव्हा बायको जाऊन सात महिने झाले होते आणि लेक तुटून चार वर्षं. ईश्वरीचं आणि प्रणव कांबळेचं जमलं होतं. प्रणव आईवडिलांना घेऊन रीतसर घरी बोलायला आला. मगदूमांनी त्यांना आत घेतलं नाही, व्हरांड्यात बसवलं. स्टीलच्या भांड्यांनी मांडणी भरलेली असताना दुकानातून कागदी पेले मागवले आणि त्यातून पाणी दिलं. प्रणवच्या आईनं पेला हातात घेतला, बघितला आणि तसाच भरलेला कट्ट्यावर ठेवून ती उठली. त्यांच्या मागोमाग ईश्वरीही उठली. हे मला स्वतः मगदूमांनी सांगितलं होतं, माझ्याच समोरच्या खुर्चीत बसून, हुंदके देत. त्या माणसाचा मला तेव्हा संताप आला होता आणि त्याच वेळी वाटलं होतं की याला निदान लाज तरी आहे. लाज असलेल्या माणसाबरोबर काम करता येतं.

ईश्वरीनं सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी बाबांचा फोन आला होता. आवाज कापत होता. मी येतो, तुझ्या सासूसासऱ्यांच्या पाया पडतो, थोडा धीर धर, म्हणाले. तिनं धीर धरला. मग दिवाळीला नुसता शुभेच्छांचा मेसेज आला. पाडव्याला फुलांचं चित्र आलं. पुढे तेही बंद. दिवस राहिल्याचं तिनं स्वतः कळवलं, तर उत्तरात हसरा चेहरा आणि 'काळजी घे'.

"सासूबाई म्हणतायत बाळंतपण इथंच करू, मी आहे ना," ती म्हणाली. "त्या करतीलही, माझ्या आईनं केलं नसतं इतकं करतील. पण पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना हो? मी रोज गाडीचा आवाज आला की बघते. बाबांना नको असेल तर तसं सांगू देत. या रविवारपर्यंत बघेन. त्यानंतर मी वाट बघणं सोडणार, आणि बाबांनाही."

ती गेल्यावर मी मगदूमांची नोंद उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वाचली. सुरुवातीचं ध्येय: मुलीच्या सासरी जाऊन माफी मागणं आणि तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणणं. दुसऱ्या महिन्यात सासरी जाणं गळलं, फोनवर माफी उरली. चौथ्यात माफी गळली, फोन उरला. मग सणावाराला शुभेच्छा. मग मुलीविषयी मनात कटुता नसणं. अकरावा बदल गेल्या भाद्रपदातला: मुलीची आठवण आली तरी शांत झोप लागणं. हे ध्येय सोळा दिवसांत पूर्ण. यश शंभर टक्के. प्रत्येक ओळीपुढे हिरव्या अक्षरांत: मान्य, नी. देशिंगकर.

अकराही ओळी मी पुन्हा वरून खाली वाचल्या.

कंपनीच्या विभागप्रमुखाला फोन लावला. तिशीतला गोड गळ्याचा पोरगा, बोलताना हसतो. त्याचं म्हणणं असं की ग्राहक समाधानी आहे, तक्रार ग्राहकाची नाही, बदल ग्राहकाच्या संमतीनं झालेत आणि मंजुरी, मॅडम, तुमचीच आहे. एका दुःखी माणसाचं दुःख कमी झालं यात चूक कुठं आहे, तेवढं त्याला समजत नव्हतं.

"ते दुःख नव्हतं," मी म्हटलं. "त्यानं चूक केली होती आणि ती त्याला सलत होती. ते सलणं काढून घ्यायचा अधिकार त्याचाही नव्हता, तुमचा तर नाहीच. पाणी ज्यांना कागदी पेल्यातून दिलं त्यांना विचारलंत का, याचं समाधान झालेलं चालेल का म्हणून?"

तो म्हणाला, त्या व्यक्ती आपल्या ग्राहक नाहीत.

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. आणि त्याला काय नावं ठेवू, मीही त्यांना दोन वर्षांत एकदा विचारलं नव्हतं. अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या नादात आम्ही सगळ्यांनी मिळून एक यंत्र बांधलं होतं, ज्यात अपराध करणारा ग्राहक आणि ज्याचा अपराध झाला तो बिनकामाचा.

मंगळवारी मी मगदूमांच्या घरी गेले, पोस्टकार्ड घेऊन. दोन वर्षं ते माझ्या डब्यातच पडून होतं, कारण अढळ आल्यापासून कार्डं टाकायचं मी सोडून दिलं होतं. मगदूमांची तब्येत चांगली सुधारली होती. शेजाऱ्याबरोबर कॅरम मांडला होता. मला बघून आनंदानं उठले, चहा ठेवला, बरं चाललंय की ताई, म्हणाले, झोप छान लागते. मी कार्ड पुढे ठेवलं. त्यावर त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

'सुहास, तू त्या माउलीला कागदी पेल्यात पाणी दिलंस. तिच्या उंबऱ्यात उभा राहून चुकलो म्हण. मग पोरीला पहिल्या बाळंतपणाला घरी आण. ती येईल का नाही तो तिचा प्रश्न. तू जा.'

मगदूमांनी ते दोनदा वाचलं. कार्ड उलटं करून पत्ता बघितला.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "पण ताई, हा माणूस किती तळमळलाय हो. वाईट वाटतं."

वाईट वाटत होतं ते परक्याबद्दल वाटावं तसं. मी समोर बसून सगळं सांगितलं: मणी काय करतो, अकरा बदल कसे झाले, माझ्या मंजुऱ्या, ईश्वरीचा रविवार. ते लक्ष देऊन ऐकत होते, मध्येच बशीतलं बिस्किट पुढे करत होते. मणी काढा म्हटलं तर लगेच काढून माझ्या हातावर ठेवला. समाधानी माणूस कशालाच नाही म्हणत नाही. पण मणी काढला म्हणून सलणं परत येत नसतं. पायवाट वापरात नसली की तिच्यावर गवत उगवतं, ते मरायला वेळ लागतो. मी ज्या मेंदूच्या डॉक्टरना विचारलं ते म्हणाले तीन-चार महिने, कदाचित जास्तही.

आमच्याकडे पाच दिवस होते.

सव्वीस वर्षं मी लोकांना एकच शिकवत आले: आधी मनापासून इच्छा हवी, मग मार्ग सापडतो. त्या दुपारी मगदूम मला अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "ताई, मला जावंसं वाटत नाही. राग नाही, काही नाही. नुसतं वाटतच नाही. खोटं कशाला बोलू?" माझी सगळी विद्या तिथं संपली. कॅरमच्या सोंगट्या गोळा करता करता मी विचारलं, तुमच्यात पहिल्या बाळंतपणाला पोरीला आणायला कोण जातं?

"बाप जातो. नसला तर भाऊ," ते म्हणाले.

"आणि बापाला जावंसं वाटत नसलं तर?"

त्यांनी एक सोंगटी उचलून डबीत टाकली. मग म्हणाले की त्यांच्या मोठ्या बहिणीच्या वेळी ऐन ऊसतोडीचे दिवस होते, वडलांना ताप होता, जायची अजिबात इच्छा नव्हती, आईनं घोंगडं गुंडाळून गाडीत घातलं होतं. "वाटण्याचा काय संबंध त्यात," ते म्हणाले. "जायचंच असतं. रीत आहे ती."

मण्यानं त्यांची इच्छा खाल्ली होती, लाज खाल्ली होती. रीत त्याला दिसलीच नव्हती, कारण ती कुणी ध्येय म्हणून नोंदवलेली नसते. मला रीतींचं फारसं प्रेम नाही. व्हरांड्यात बसवून कागदी पेले देणं हीही कुणाची तरी रीतच होती. पण बुडत्यानं काडीची जात विचारू नये.

रविवारी सकाळी मगदूम नारळ, साडी आणि तांदळाची पिशवी घेऊन माझ्या गाडीत बसले. वाटेत उसाच्या भावावर बोलत होते. कराडच्या पेठेत पेढे घ्यायला थांबायचं म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सहलीला निघाल्याचा भाव होता.

प्रणवचं घर कोयनेच्या बाजूला, खालच्या मजल्यावर. दार त्याच्या आईनं उघडलं. पुष्पाबाई कांबळे, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, ताठ बाई. त्यांच्या मागे ईश्वरी येऊन उभी राहिली आणि बापाला बघून तिचा हात भिंतीवर गेला.

मगदूम उंबऱ्यात उभे राहिले. खिशातून कार्ड काढलं, चष्मा लावला आणि वाचायला लागले. सुहास, तू त्या माउलीला कागदी पेल्यात पाणी दिलंस. सपाट आवाजात, पाटीवरचा मजकूर वाचावा तसं. शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "चुकलो."

"वाचून दाखवताय?" ईश्वरी म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "सहा वर्षांनी आलात आणि कागद वाचून दाखवताय? तुमच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही बाबा."

"नाही," मगदूम म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "येत नाही, ईशू. दोन वर्षांपूर्वी येत होतं, तेव्हा हे लिहिलं. मग मी ते घालवून बसलो. सुख पाहिजे होतं मला. आता हे कार्ड सांगतंय की मी चुकलो, आणि अक्षर माझं आहे, म्हणजे चुकलोच असणार. रडू यायला तीन-चार महिने लागतील म्हणतात. तोवर तू घरी येशील काय? आलं की तुझ्यापुढंच येऊ दे."

मी गाडीची किल्ली हातात फिरवत पायरीवर उभी होते आणि रागानं माझे डोळे भरले होते, त्यांच्या वाटचेही. एका माणसाला पश्चात्तापसुद्धा उधार मागायची वेळ आणली होती आम्ही.

पुष्पाबाई आत गेल्या आणि पेल्यात पाणी घेऊन आल्या. स्टीलचा पेला, वर 'कांबळे' कोरलेला.

"आमच्याकडे कागदी पेले नाहीत," त्या म्हणाल्या. "घ्या. आणि आत बसा. उंबऱ्यात उभं राहून रडू यायचं नाही."

मगदूम पाणी प्यायले. पेला रिकामा करून तो किती वेळ नुसता हातात धरून बसले होते. ईश्वरी त्यांच्याशी बोलली नाही. जेवणं झाल्यावर तिनं बॅग भरून आणली आणि सासूकडे बघितलं. पुष्पाबाई म्हणाल्या, जा, पण दर चार दिवसांनी मी येणार आहे, बघायला. कुणाला बघायला ते त्यांनी सांगितलं नाही.

मी अढळचं काम सोडलं. पत्र्याच्या डब्यात तीनशे बारा कार्डं निघाली. एकेक कार्ड आणि एकेक नोंद शेजारी ठेवून बघितली. दोनशे एकेचाळीस माणसांची फळी खाली आणलेली होती. गाणं शिकायचं होतं ती बाई आता गाणं ऐकून खूश होती. बारावी पूर्ण करायची होती त्या ट्रकड्रायव्हरला आता आपण शिकलो नाही याचं काहीच वाटत नव्हतं. मी सगळी कार्डं टपालात टाकली, सोबत काय झालं त्याची चिठ्ठी आणि माझी माफी. कंपनीनं मला नोटीस धाडलीय: ग्राहकांना जाणीवपूर्वक मानसिक त्रास दिल्याबद्दल. आरोप खरा आहे. मी तारखेला जाणार आहे आणि तिथं हेच सांगणार आहे.

कराडहून आल्याला ब्याण्णव दिवस झाले तेव्हा दुपारी दोन वाजता मगदूमांचा फोन आला. घाबरलेला आवाज. बाळ आठ दिवसांचं झालं होतं आणि ते बायकोच्या वहीत बघून डिंकाचे लाडू करायला बसले होते. डिंक तुपात फुलायला लागला, तिच्या अक्षरात 'ईशूच्या वेळी आईनं केले तसे' असं लिहिलेलं दिसलं आणि तेव्हापासून छातीत काहीतरी दाटून आलंय, श्वास पुरत नाही, अ‍ॅटॅक असेल काय, ताई?

मी विचारलं, डोळ्यांतून पाणी येतंय का?

पलीकडे नुसता हुंदका ऐकू आला. मग दुसरा. मग जे सुरू झालं ते थांबेना. साठीतला माणूस लहान पोरासारखा मोठ्यानं रडत होता, आणि त्या रडण्यातून पेला, माउली, चुकलो असे तुटक शब्द कळत होते. मी फोन कानाशी धरून बसून राहिले. मागे दार उघडल्याचा आवाज आला, बाळाची किरकिर जवळ आली आणि पाठोपाठ ईश्वरीचा आवाज, तोही भरलेला.

"रडा बाबा. पण आधी गॅस बंद करा."